दारात अडकलेला उंट

“मागच्या भिंतीशी बोल, म्हणजे मधली सगळी ऐकतात.”

ताईचं हे सांगणं धाकटीने जन्मभर ऐकलं आणि जन्मभर कानाआड केलं. ती घरी बसून सदऱ्यांना काज-बटण करणारी; तिला भिंतीशी बोलायची वेळ येणार कशाला? दूधवाल्यालाही ती बोटांनीच हिशेब दाखवायची. ताई हसून म्हणायची, देवाने आपल्या दोघींत मिळून एकच तोंड पाठवलं, ते वाटेत मी पळवलं.

पळवलं ते तिने वापरलंही पुरेपूर. छत्तीस वर्षं दुसरीचा वर्ग शिकवला, आणि निवृत्तीनंतरही दर शुक्रवारी शेवटच्या तासाला गोष्ट सांगायला जायची. गोष्ट ऐन रंगात आली की घंटा व्हायची. उरलेली पुढच्या शुक्रवारी. या वेळी अस्वलाने न्हाव्याचं दुकान काढलं होतं आणि पहिलंच गिऱ्हाईक उंट, तो दारातच अडकला. तेवढ्यात ताईने अंथरूण धरलं.

“मुलांना शब्द दिलाय गं,” दवाखान्यात ती म्हणाली होती. “उंटाला सोडवून ये.”

धाकटीने हो म्हटलं. शेवट मात्र विचारायचा राहिला. ताई बरी होईल, स्वतःच जाईल, असं तिला वाटत होतं.

ताई गेली त्याला तीन आठवडे झाले. आज शुक्रवारी सकाळी शाळेचा शिपाई ताईची छत्री परत द्यायला आला आणि उंबऱ्यावरच टेकला. दुसरीच्या मुलांनी त्याला भंडावून सोडलं होतं. एका मुलीने तर उंटासाठी डब्यातली अर्धी पोळी बाजूला ठेवली होती.

“बाई, उंट उपाशी आहे म्हणतात,” तो म्हणाला. “मी तरी किती दिवस सांगू, चरून आलाय म्हणून?”

तो गेल्यावर धाकटीने ताईचं कपाट उघडलं. गोष्टींच्या वह्या ओळीने लावलेल्या होत्या. उंटाच्या वहीचं शेवटचं पान कोरं! तिने मागची वही काढली, मग तिच्या मागची. प्रत्येक गोष्ट ताईच्या टपोऱ्या अक्षरात ऐन मोक्यापर्यंत आलेली, आणि शेवट वेगळ्या शाईत, घाईघाईने उतरवलेला. प्रत्येक शेवटाखाली एखाद्या मुलाचं नाव, आणि कंसात ‘हिने सुचवला’, ‘याने सुचवला’, एके ठिकाणी ‘दोघे भांडले, म्हणून दोन शेवट’.

धाकटी वही मांडीवर घेऊन बराच वेळ एकटीच हसत बसली. इतकी वर्षं सगळ्या गावाला वाटत होतं, काय ही बाई एकेक शेवट काढते! आणि या लबाड ताईने एकही स्वतः काढला नव्हता.

म्हणजे बोलायचं होतं ते एकच वाक्य. विचारायचं, आणि मग ऐकायचं. ऐकणं तर तिला येत होतं.

तिने सदऱ्याचं उरलेलं बटण लावलं, देवापुढे हात जोडले आणि वही, शाईचं पेन पिशवीत टाकलं. जिना उतरता उतरता ती समोरच्या भिंतीला हळूच म्हणाली, “मग, कसा सोडवायचा उंट?”

मग पदर सावरून शाळेच्या रस्त्याला लागली.