बयेची शिकवणी

निवृत्त माणसाला विरंगुळा हवा असतो, हा शोध परगावी नोकरी करणाऱ्या मुलांना न चुकता लागतो. ग्रंथपालांच्या चिरंजिवांनाही तो लागला. वडिलांनी उभा जन्म ग्रंथालयात काढला आणि आता घरी बसूनही ते पुस्तकंच वाचतात, हे त्याला बघवेना. तो बघायला येतच नव्हता, ही गोष्ट निराळी. एका रविवारी मात्र तो आला, जेवला, आणि एक कुत्री ठेवून निघून गेला.

"मेंढ्या वळणारी जात आहे, बाबा. सगळ्या कुत्र्यांत हुशार."

"मग आपल्याकडे कशाला?" ग्रंथपालांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता.

कुत्री अजून वर्षाचीही नव्हती. काळी-पांढरी, लवलवत्या पायांची, एक कान उभा आणि दुसरा मोडलेल्या पानासारखा दुमडलेला. मेंढपाळानं तिला कामावरून काढलं होतं, कारण ती मेंढ्यांना घाबरायची. कधीतरी एका एडक्यानं तिच्यासमोर पाय आपटला, आणि तेव्हापासून मेंढी दिसली की ही पठ्ठी मेंढपाळाच्या ट्रकखाली जाऊन लपायची. ज्या कामासाठी जन्म घेतला त्याच कामाची धास्ती, हे ऐकून ग्रंथपालांना तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. वाचकांना घाबरत घाबरत त्यांनीही अख्खी नोकरी पार पाडली होती. फक्त त्यांना कोणी काढलं नाही, कारण ते आहेत हेच फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

ग्रंथपालांची पत्नी घरच्या पुढच्या खोलीत गणिताच्या शिकवण्या घ्यायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. ग्रंथपाल तोंडानं "अगं" म्हणायचे, मनात तेही बाईच म्हणायचे. संध्याकाळची तुकडी सोडून, हाताला खडूची पूड तशीच घेऊन बाई आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ही कोण बया?"

झालं. नाव ठेवायचा प्रश्न तिथेच मिटला.

बया घरात रुळावी म्हणून ग्रंथपालांनी रीतसर तीन पुस्तकं आणली. पहिल्यात लिहिलं होतं की घरात मालक कोण हे कुत्र्याला स्पष्ट कळलं पाहिजे. ते बयेला पहिल्या तासाभरातच कळलं होतं. बाईंच्या खुर्चीला वळसा घालून ती भिंतीच्या कडेनं जायची आणि ग्रंथपालांच्या पायावर खुशाल बसायची. दुसऱ्यात लिहिलं होतं की आज्ञा एका शब्दाची असावी आणि खणखणीत आवाजात द्यावी. ग्रंथपालांनी खोलीचं दार लावून तालीम केली. पण आयुष्यात कोणालाही आज्ञा न दिलेल्या माणसाच्या घशातून निघून निघून काय निघणार? "बसता का जरा?" असं निघालं. बया मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या अदबीनं तिच्याशी मेंढपाळ कधी बोलला नव्हता.

चिरंजिवांचा फोन आला. "बाबा, तुम्ही तिचे लीडर व्हा."

ग्रंथपालांनी पुढच्या खोलीकडे कान दिला. तिथून बाईंचा आवाज कडाडत होता. "अरे, या घरात ती जागा रिकामी नाही," ते म्हणाले.

तिसऱ्या पुस्तकात असं होतं, की या जातीला काम दिलं नाही तर ती स्वतःच काम शोधते. ग्रंथपाल त्या पानापर्यंत पोचले तोवर बयेनं ते शोधलंही होतं. आधी तिनं झाडूला वळवून कोपऱ्यात कोंडलं. मग दाराबाहेर पोरांचे बूट कसेही विखुरलेले बघून तिला चैन पडेना, म्हणून तिनं ते एकेक उचलून एका ढिगात आणून ठेवले. शिकवणी सुटल्यावर पोरं अर्धा तास जोड्या लावत बसली. "बरंय की," बाई म्हणाल्या, "वर्गात तर कोणाला जोड्या लावता येत नाहीत." आणि मग बयेला खरा कळप गवसला.

शिकवणी सुटायची वेळ म्हणजे धरणाचं दार उघडावं तशी. दहा-बारा पोरं एकदम उठायची, बाकं सरकायची, आणि अरुंद बोळातून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून गल्लीत, जिकडेतिकडे फुटायची. मेंढीला भिणारी बया पोरांना तसूभरही भ्यायली नाही. ती पोट जमिनीला टेकवून सरपटत यायची, डोळे रोखायची, मोठ्ठा वळसा घ्यायची आणि जो कळपातून फुटेल त्याच्या टाचेला हलकेच दात लावायची. पोरं किंचाळायची, आनंदानं, आणि आणखी जोरात पळायची. टाचेवर ओरखडासुद्धा नसायचा. पण एके दिवशी सगळ्यात पुढे पळणाऱ्या वेणीवालीचा मोजा फाटला, आणि वेणीवालीची आई दातांची डॉक्टर होती.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी मोजा घेऊन हजर. "हे बघा. वरचे सुळे, खालचे सुळे. मला दातांच्या खुणा शिकवू नका."

"मी गणित शिकवते," बाई म्हणाल्या. "मुलीला लागलंय का?"

"लागेल की! आज मोजा, उद्या पाय! अहो, तुम्ही शिकवणी घेता की कोंडवाडा चालवता? मी चार घरी सांगितलं ना, तर तुमची बाकं रिकामी पडतील."

बाईंना कोणी उलट बोललेलं खपत नसे, पण रिकामी बाकं त्याहून खपत नसत. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "शनिवारी शिकवणी सुटताना तुम्ही स्वतः येऊन उभ्या राहा. माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या टाचेला हिनं तोंड लावलं, तर रविवारी ही मेंढपाळाकडे परत. बाईंचा शब्द."

ग्रंथपाल आतल्या दारात उभे होते. परत गेली तर मेंढपाळ तिचं काय करणार, हे चिरंजिवांनी जाता जाता सांगितलं होतं. मेंढ्या वळायला उपयोग नसलेलं कुत्रं तो गोठ्याच्या खुंटाला साखळीनं बांधतो आणि भुंकायला ठेवतो. जन्मभर. ग्रंथपाल म्हणाले, "अगं, पण..."

"काय पण?"

"नाही, काही नाही."

बया त्यांच्याकडे बघत होती. गेल्या कित्येक वर्षांत ग्रंथपाल बोलायला लागले की त्यांच्याकडे वळून बघणारा हा घरातला एकमेव जीव होता. ती गेली तर आपण कोणाशी बोलणार, हा प्रश्न त्यांना पडला. आणि इतके दिवस आपण कोणाशी बोलत होतो, हा त्याहून वाईट प्रश्न त्याच्या पाठोपाठ आला.

ग्रंथपालांनी बयेलाच शिकवणी लावली. पुस्तकं मिटली, कारण तिन्ही पुस्तकांचं एकमेकांशी पटत नव्हतं. लांब दोरी, खिशात बिस्किटाचा चुरा, आणि अंगण. काही दिवसांत त्यांच्या एवढं ध्यानात आलं, की बया धावत्या पायाला धरते, थांबलेल्या पायाला नाही. आपण थिजून उभं राहिलं की तिचा सगळा रस जातो आणि ती आडवी होते. थिजून उभं राहणं ही तर ग्रंथपालांची जन्मजात विद्या. ते उभे राहायचे, बया लोळण घ्यायची, ते बिस्किट द्यायचे. "बसता का जरा?" म्हटलं की ती आता खरंच बसायची, कधी कधी ते म्हणायच्या आधीच. शेजारचा सायकलवाला कुंपणावरून म्हणाला, "काय काका, कुत्रीला शिकवताय की कुत्री तुम्हाला?"  ग्रंथपालांना उत्तर रात्री अंथरुणावर सुचलं, पण ते फारसं चांगलं नव्हतं.

बया शहाणी झाली, पण पोरं थोडीच शहाणी होणार? त्यांना तर ती मागे लागायलाच हवी होती. मुद्दाम टाचा आपटत, मागे बघत, तिला डिवचत पळायची. कुत्रीला शिकवून उपयोग नव्हता. शिकवायला हवं होतं कळपाला. आणि कळपाशी बोलायचं म्हणजे तोंड उघडायला हवं.

शुक्रवारी बाई चहा घ्यायला आत गेल्या तेव्हा ग्रंथपाल पुढच्या खोलीत शिरले. फळ्यासमोर उभे राहिले.  पोरांचा गोंगाट चालूच. ते बोलायला लागले ते इतक्या हळू आवाजात, की पुढच्या बाकावरच्यांना वाटलं आजोबांना काहीतरी होतंय.

"श्श! आजोबा बोलतायत," वेणीवाली म्हणाली.

"काय बोलतायत?"

"गप बस म्हणजे कळेल!"

ग्रंथपालांनी शनिवारची अट सांगितली, मेंढपाळ सांगितला, खुंट सांगितला, साखळी सांगितली. सुभाषित एकही सांगितलं नाही, कारण घाबरल्यामुळे सगळी विसरली होती. "तुम्ही पळालात तर ती धरणार," ते म्हणाले, "तिचा दोष नाही त्यात. चाललात तर... एवढंच. बघा जमलं तर."

"आजोबा, ती रडेल का साखळीला?"

"माहीत नाही. मी रडेन बहुतेक," असं म्हणून ते इतक्या घाईनं आत निघाले, की दाराला खांदा लागला.

शनिवारी डॉक्टरीणबाई पायऱ्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात पर्स, डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर आता दाढ उपटायचीच असा भाव. ग्रंथपाल बोळात, त्यांच्या पायाशी बया. दोरी सोडलेली, कारण दोरीनं बांधून दाखवलं तर त्यात काय मोठं, असं बाईंचं म्हणणं.

शिकवणी सुटली. आणि पोरं चालत बाहेर आली. चालत म्हणजे कशी? एकामागे एक, माना खाली, पावलं मोजून, जणू कोणाला पोचवायला निघालीत. एकानं तर बूट घालताना श्वाससुद्धा रोखून धरला. बया थरथरत होती. पोट जमिनीला, दुमडलेला कान ताठ, डोळे एकेका टाचेवर. वेणीवाली शेजारून गेली तेव्हा बयेच्या नाकपुड्या हलल्या. ग्रंथपाल पुटपुटले, "बसता का जरा... बसता का..." बया बसलेलीच होती, बहुधा ते स्वतःलाच सांगत होते.

"काय हो, ही पोरं आजारी आहेत का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे बाईंनी ऐकलं. आपल्या विद्यार्थ्यांना कोणी आजारी म्हणावं? त्या फळ्यापासून ओरडल्या, "अरे, मेल्यासारखे काय चालताय! पाय उचला जरा!" पोरं तरी हलेनात. तेवढ्यात बाईंना बाकावर कोणाचीतरी कंपासपेटी दिसली. विसराळूपणाची बाईंना भयंकर चीड. "ही कोणाची? थांब रे!" म्हणत त्या पेटी खुळखुळवत बोळातून तरातरा सुटल्या. कळप सोडून. एकट्याच. धावत.

बयेनं इतका वेळ आवरलं होतं. ती उठली, सुंदर वळसा घेतला, आणि बाईंच्या डाव्या टाचेला टक् करून दात लावले.

 पोरं थिजली. ग्रंथपालांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना साखळी दिसली.

"चावली!" डॉक्टरीणबाई.

बाई थांबल्या. वळल्या. कंपासपेटी छातीशी धरून अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "कोणाला?"

"कोणाला काय? तुम्हाला!"

"मला? पाय माझा, टाच माझी. मला कळणार नाही?"

"अहो, मी या डोळ्यांनी बघितलं!"

"तुम्ही दात बघता, टाचा नव्हे." पोरांत कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी तिकडे नुसती नजर टाकली आणि हसू विझलं. "आणि समजा, नुसतं समजा हं, चावली असती. अट काय होती? वेणीवाले, सांग."

"एकाही विद्यार्थ्याच्या टाचेला तोंड लावलं तर, बाई."

"विद्यार्थ्याच्या. मी विद्यार्थी आहे?"

"नाही, बाई!" सगळा कळप एका सुरात ओरडला.

"मग? दिलेल्या माहितीबाहेरचं उदाहरणात आणायचं नाही, हे मी यांना पहिल्या दिवशी शिकवते. पालकांची शिकवणी मी घेत नाही. या आता."

डॉक्टरीणबाई मुलीचा हात धरून पायऱ्या उतरल्या. सोमवारी वेणीवाली यायची होतीच; त्या परिसरात गणितात पास करून देणारं दुसरं कोणी नव्हतं. हे डॉक्टरीणबाईंना माहीत होतं आणि बाईंनाही. पोरं गल्लीत पोचेपर्यंत चालली आणि मग जी पळाली!

बाईंनी दार लावलं. खुर्चीवर बसल्या, चप्पल काढली.

"अहो, आयोडीन आणा."

ग्रंथपालांनी कापूस, आयोडीन, चिकटपट्टी, सगळं आणलं आणि गुडघ्यांवर बसले. टाच लालबुंद झाली होती. बया पुढच्या दोन पायांवर हनुवटी ठेवून लांबून बघत होती. आपण एवढं चांगलं काम केलं आणि बिस्किट अजून का नाही, अशा मुद्रेनं.

"परत पाठवायची का मग?" ग्रंथपालांनी विचारलं. आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

"का? काय केलंय तिनं?"

"नाही, म्हणजे..."

"सोमवारपासून ती वर्गात बसेल, फळ्याखाली. तुमच्यानं नाही व्हायचं हे. 'बसता का जरा' म्हणे! कुत्री आहे का पाहुणी?" बाई बयेकडे वळल्या. "बस!"

बया अशी बसली, की जणू गेले सगळे दिवस ती याच हुकमाची वाट बघत होती. ग्रंथपालांना ते जरा झोंबलं. हेवा म्हणावा तर म्हणा. पण बया राहणार होती, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. त्यांनी बोळा भिजवला आणि टाचेवर टेकवला. बाईंनी दात-ओठ आवळून श्वास आत ओढला.

"दुखतंय का गं?"

"काय दुखायचंय?" बाई कडाडल्या. "कोणी चावलंच नाही तर!"

"नाही ना," ग्रंथपाल म्हणाले, आणि न चावलेल्या टाचेवर पट्टी चारी कडांनी नीट दाबून बसवली.