उमरावांना लावलेला कूलर

सांगतो, पण तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. रशियातल्या एका सरदाराचं पोट आठ दिवसांत सुटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं, तेही भिंतीवर टांगलेल्या चित्रात.

ओट्यावर बसलेला शेजारचा धोंडबा नुसता हुंकारला. माझी बायको सखूबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

तेव्हा मी एका कलादालनात राखणदार होतो. ऐन मे महिन्यात तिथं जुन्या रशियन उमरावांची चित्रं लागली. बर्फातल्या घोडागाड्या, मेजवान्या, गळ्यापर्यंत केसाळ कातड्याचे कोट. बाहेर सेहेचाळीस डिग्री. येणारा प्रत्येक जण घाम पुसत मलाच विचारी, यांना उकडत नाही का हो? दिवसातून साठदा. शेवटी वैतागून सांगू लागलो, चित्रातल्या या बाईंनी कामठीच्या छावणीत तीन उन्हाळे काढलेत, सवय आहे त्यांना. लोक वहीत टिपून घेत.

प्रदर्शन चारुलता मॅडमचं. चित्राला काही झालं तर तुमची नोकरी गेली, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. साठीत मला दुसरी कोण देणार? म्हणून चित्रांवरून नजर हलू दिली नाही. पाहतो तर चित्रांखालचं कापड सुती. आम्ही पिढीजात विणकर. कोरड्या हवेत ताण्याचा उभा धागा तुटतो, म्हणून उन्हाळ्यात मागाखाली पाणी शिंपडायचं, हे कोष्ट्याच्या पोरालाही कळतं. मॅडमना सांगायला गेलो.

"मॅडम, सूत सुकून राहिलं. याले ओल पायजे."

"काका, तुम्ही दारावर बसा."

बसलो. पण त्याआधी पाहुण्यांचा कूलर फिरवून उमरावांकडे केला. पाहुणे माझ्या नावानं बोटं मोडत, उमराव गारेगार.

आठव्या दिवशी कापड सैलावून सरदाराचं पोट बाहेर आलं. शेजारच्या उमरावीणबाईंच्या गालावर रंगाचा टपोरा फोड. मॅडम आधी चित्राकडे, मग कूलरकडे बघत राहिल्या.

"मंग काय झालं गा?" धोंडबा पुढे सरकला.

मग काय, म्हटलं, खास रशियाहून तज्ज्ञ आला. कापड चाचपून म्हणाला, हा माणूस नसता तर चिंध्या झाल्या असत्या. मॅडमनी हात जोडले, जाऊ नका म्हणाल्या. पण अपमान झाला तिथं आपण थांबत नाही. दालनाच्या चाव्या टेबलावर टाकल्या आणि ताठ मानेनं निघालो.

सखूबाईचे हात तांदळात थांबले.

"काहून खोटं बोलून राहिले जी? चाव्या त्या बाईनं तुमच्या हातातून काढून घेतल्या. मी डबा घेऊन दालनाच्या दारातच उभी होती."