बरण्यांची ये-जा

"मामा, बरणी घ्या तुमची," शेजारची मंजुषा दारातूनच म्हणाली. बरणीत कारळाची चटणी होती.

"बस की. ही बरणी साधी न्हाई. येलदरीच्या वळणावर आमची एसटी तीनदा पालथी झाली. पन्नास पॅसेंजर बाहेर, अन् हिच्यातला मुरंबा जागचा हलला न्हाई."

"मागच्या टायमाला दोनदाच पालथी झाली होती."

"तवा तू घाईत होतीस."

ती हसली आणि पायरीवर टेकली. त्यासाठीच तर मी बरणी दिली होती.

जिंतूर आगारात मी तीस वर्षं कंडक्टर होतो. रोज गाडीभर लोक ऐकायला. निवृत्त झालो तेव्हा ऐकणारी एकटी बायको, नर्मदा, उरली. तीन वर्षांपूर्वी तीही गेली. मागे राहिल्या कॉफीच्या, मधाच्या, लोणच्याच्या वीस-बावीस काचेच्या बरण्या. आमच्या गल्लीत रिकामं भांडं कोणी परत करत नाही. म्हणून मी बरण्यांत ओवा, जवस, तुळशीचं बी भरून घरोघर पोचवू लागलो. बरणी भरून परत येई आणि आणणारं माणूस घटकाभर बसे.

त्या दिवशी मात्र माझ्याच जिभेनं घात केला. मंजुषा उठू लागली, तशी मी म्हणालो, "बरणीत पाणी घाल, मनीप्लांटची फांदी सोड, खिडकीत ठेव. जालन्याच्या एका बाईची वेल अशी वाढली, की ती वेलीवरून चढून गच्चीवरचे पापड काढायची."

चटणी माझ्या वाटीत ओतून ती बरणी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिची खिडकी पाहून गल्लीतल्या चतुराबाई आल्या, बरणीत बटणं कशी लावून ठेवायची ते विचारायला. पलीकडच्या योगीराजला झाकणाला भोक पाडून आत दिव्यांची माळ सोडायची होती. मी जोशात सगळ्यांना शिकवलं, फडताळातल्या उरलेल्या बरण्याही वाटल्या. नर्मदेच्या तेराव्यालासुद्धा घरात एवढी माणसं नव्हती.

मग महिनाभर दार वाजलं नाही. गल्लीतून जाताना बरण्या दिसत. कुणाच्या खिडकीत वेल, कुणाच्या ओसरीवर दिवे. छान दिसत. परत कशा मागणार?

काल मंजुषा आली. हातात प्लास्टिकचा पातळ डबा.

"शेंगदाण्याची चटणी हाय मामा. बरणी न्हाई आणली. वेलीची मुळं आत लय गच्च बसलीत. काढायची तर फोडावी लागंल."

"नको फोडू."

"ह्यो डबा हाटेलातला हाय. परत करायची भानगड न्हाई, खुशाल फेकून द्या."

"बस की. त्या जालन्याच्या बाईचं पुढं काय झालं, म्हाईत हाय का?"

"फिरून कवातरी ऐकते, मामा. कापूस वेचायच्या बाया वाट बघायल्यात."

ती गेली. मी चटणी वाटीत काढली, डबा दोनदा घासला आणि अंगणात उन्हात पालथा घातला. वाऱ्यानं तो उडून नालीपाशी गेला. उचलून आणला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा मी त्याच्यावर दगड ठेवला.