मिठाचा दगड

आई गेल्यावर बाबांनी परसात मिठाचा दगड ठेवला. रिकामं घर खायला उठायचं. हरणं दगड चाटायला आली की तेवढीच सोबत. त्यात कुणाचं काय वाईट होणार होतं?

मुलगी प्राण्यांची डॉक्टर. जंगलात हरणं वाळून, लाळ गाळत मरायला लागली, तेव्हा मेलेल्यांची डोकी तिच्याच टेबलावर आली. मेंदूची चाळण करणारा रोग. लाळेतून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो, औषध नाही. आजारी हरणांच्या वाटा तिने नकाशावर काढल्या. सगळ्या एकाच घराशी येऊन मिळत होत्या, आणि त्या घराची किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

"बाबा, तो दगड काढा. एक चाटून लाळ ठेवून जातं, दुसरं तीच चाटतं."

"म्हणजे मीच त्यांना रोग वाढून दिला म्हण की."

तिने नकाशाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

बाबांनी दगड उचलला, पण मीठ मातीत मुरलेलं. हरणं माती चाटू लागली. बापलेकीने कुंपण घातलं, तर ती कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. माना खाली, बरगड्या वर. हाकललं तरी हलेनात. बाबा दिवसाही पडदे लावून बसायचे आणि मधूनच विचारायचे, "आहेत का गं अजून?" ती एकेक करून मेली.

राहिली ठकी, बाबांची लाडकी हरिणी. तीही वाळली होती, पण कुंपणाला बुजून ओढ्याकाठी फिरायची. ओढ्यापलीकडे धडधाकट कळप होता. ती त्यात मिसळली की सगळं मुसळ केरात. मुलगी बंदूक घेऊन दोनदा गेली, दोन्ही वेळा ठकी निसटली.

"तुला बघून ती पळणारच," बाबा म्हणाले. "माझ्या हाकेला येते."

"नको बाबा. तुम्ही घरात बसा."

"तू फक्त नेम नीट धर, बाळा."

ते ओढ्यापाशी उभे राहिले. "ये गं बाई, ये."

झुडपातून ठकी आली. पाय लटपटत होते, पण कान टवकारलेले. बाबांनी तळहात पुढे केला. डोकं तपासायचं होतं, म्हणून मुलीने छातीवर नेम धरला.

पलीकडचा कळप वाचला. सगळे तिची पाठ थोपटतात.

बाबा मात्र आता कुणालाच हाक मारत नाहीत. जेवण वाढलं की तिच्या खोलीपर्यंत चालत येतात, खांद्याला हात लावतात आणि ती उठेपर्यंत मुकाट उभे राहतात.