उज्ज्वलाचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. फुटबॉलमध्ये गोल अडवणारे खेळाडू घालतात तसला, उजव्या हाताचा. माझा डावा भाऊ हरवला, त्याला आता दीड वर्ष झालं. माझ्या तळव्यावरचं मऊ रबर चुलीच्या धगीनं कडक होऊन तडकलं आहे, कारण हल्ली माझा उपयोग भाताचं गरम पातेलं उतरवायला होतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण एके काळी मी मुलींच्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात गोलपुढे उभा होतो. तिथं जे झालं ते तुमच्या वयाच्या मुलांनी ऐकलं पाहिजे, म्हणून सांगतो.

जालंधरच्या एका कारखान्यात एका बाईनं मला मशीनवर शिवलं. पुढे पुण्यातल्या एका दुकानात आम्ही दोघे भाऊ सात महिने खुंटीला लटकत होतो. मग एके दिवशी सुदर्शन सर आले. जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याच्या पुढे डोंगराच्या बाजूला एक निवासी शाळा होती, तिथले ते खेळाचे शिक्षक. त्यांच्या मुलींनी तालुक्याची स्पर्धा जिंकली होती आणि गोल अडवणारी मुलगी पायमोजे हातात घालून खेळली होती. सरांनी आम्हाला उचललं, दाबून पाहिलं आणि पिशवीत टाकलं.

ती मुलगी म्हणजे उज्ज्वला. नववीत होती. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वाडीवर तिचे वडील सोमाजी आणि आई कोंडाबाई भात आणि नाचणी पिकवत. खळ्यावर सोमाजी उडवीवरून, म्हणजे रचलेल्या उंच ढिगावरून, भाताच्या पेंढ्या खाली फेकत आणि उज्ज्वला त्या अलगद झेलत असे. झेलायची सवय तिथली. मला पहिल्यांदा हातात घातलं तेव्हा ती लाजली.

"सर, ह्यो लई मऊ हाय. माझं हात खरबरीत हायेत. फाटंल ह्यो."

"फाटू दे. फाटायलाच आणलाय," सर म्हणाले.

खरंच तिचा तळवा खरखरीत होता. पण बोटं लांब होती आणि त्यांची पकड अशी, की चेंडू एकदा माझ्यावर आला की सुटायचा नाही. त्या पकडीची मला लवकरच सवय झाली. पुढे ती बदलली तेव्हा सगळ्यात आधी मला कळलं.

संघाची कप्तान रोहिणी. ती बेल्ह्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. तिचे वडील बिरदेव अजून मेंढरं राखतात. वडील कळपाला घालतात तशा शिट्ट्या रोहिणी मैदानावर घालायची. एक लांब शिट्टी म्हणजे मागे सरका, दोन तुटक म्हणजे पुढे चला. गोलपुढे या दोघी एकमेकींच्या जवळ उभ्या राहत आणि वसतिगृहात त्यांचे पलंगही शेजारीच होते.

जिल्ह्याचे सामने पुण्यात झाले. समोरच्या मुलींचे बूट नवे कोरे होते, आमच्यातल्या चौघी दुसऱ्यांचे जुने बूट घालून खेळल्या. आम्ही जिंकलो. राज्याचे सामने कोल्हापुरात झाले. तिथले लोक फुटबॉल पाहायला जत्रेसारखे येतात. उज्ज्वलानं एक चेंडू वरच्या कोपऱ्यातून काढला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जाळीजवळ येऊन ओरडले, "पोरगी न्हवं, भिंत हाय ही!" त्या स्पर्धेत आमच्यावर एकच गोल झाला.

सर मुलींना सांगत, "राष्ट्रीय चषक आणलात तर पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात. आयुष्य बदलेल." उज्ज्वलानं ते वाक्य मनात घट्ट धरलं होतं.

राष्ट्रीय सामने परराज्यात होते. सगळे संघ एका मोठ्या शाळेच्या वर्गखोल्यांत उतरले होते. आमच्या शेजारच्या खोलीत झारखंडच्या मुली होत्या. त्यांची कप्तान सलोमी. अंगानं बारीक, पण धावायला लागली की पकडता यायची नाही. तिच्या गावाकडे भात कापून झाला की त्याच शेतात बांबू रोवून सामने खेळतात आणि जिंकणाऱ्या गावाला बक्षीस म्हणून बकरा मिळतो. सलोमी आठ वर्षांची असल्यापासून बकऱ्यासाठी खेळत होती. शहरातल्या निवडीला तिच्या संघानं आदला सगळा दिवस चालत आणि मिळेल त्या ट्रकनं प्रवास केला होता. इथं त्यांनी आधी बंगालला हरवलं आणि उपांत्य सामन्यात मणिपूरच्या संघावर दोन गोल केले. ते दोन्ही सलोमीचे.

जेवणाच्या रांगेत ती आणि उज्ज्वला ओळखीच्या झाल्या. सलोमी म्हणाली, "घर में मडुआ की रोटी खाते हैं." तिनं फोनवर फोटो दाखवला तेव्हा उज्ज्वला हसत सुटली.

"अगं रोहिणी, ही तर आपली नाचणी!"

उज्ज्वला आणि सलोमी इतक्या मोकळ्या हसलेल्या मी त्यानंतर पाहिल्या नाहीत.

आमचा उपांत्य सामना हरियाणाच्या संघाशी होता. दुसऱ्या सत्रात कोपऱ्यातून चेंडू आला, उज्ज्वला झेपावली, मी चेंडूला लागलो आणि तो बाहेर गेला. पण ती तशीच पुढे जाऊन लोखंडी खांबावर आदळली. डोक्याची डावी बाजू. आवाज मी ऐकला. पोकळ नळावर दगड मारावा तसा.

ती काही क्षण पडून राहिली. कुणीतरी पाणी मारलं. मैदानावरच्या माणसानं विचारलं, "ठीक हो?" तिनं मान हलवली. सामना बरोबरीत सुटला, पंचांनी टायब्रेकर घेतला आणि उज्ज्वलानं दोन पेनल्टी अडवल्या. आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. मुलींनी तिला खांद्यावर घेतलं. मी उंच हवेत होतो आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मला फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

दुसरा दिवस विश्रांतीचा होता. सकाळी तिनं मला डाव्या हातात घालायला घेतलं. अंगठ्याच्या जागी करंगळी जाईना. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मला पहिल्यांदाच पाहत होती. थोड्या वेळानं चूक तिच्या लक्षात आली. सरावात तिची पकड ढिली होती. साधा चेंडू माझ्या तळव्यावरून निसटून गेला. नळावर जाऊन ती ओकली. रोहिणी मागून आली.

"काय झालं गं? सकाळपासनं दुसऱ्यांदा ओकलीस."

"डोकं लई ठणकतंय. डाव्या अंगाला."

"सरांना सांगू या. चल."

उज्ज्वलानं तिचं मनगट धरलं. मी तिच्या हातातच होतो, म्हणून ते धरणं मला आठवतं. "न्हाई सांगायचं. तुला माझी शप्पथ. सांगितलंस तर मला बाहेर बसवतील. एकच तर मॅच ऱ्हायलीय."

रोहिणी गप्प राहिली. मैत्रीण होती, म्हणून गप्प राहिली.

त्याच दुपारी जुन्नरहून फोटो आला. स्टँडसमोर मोठा फलक लागला होता. त्यावर उज्ज्वलाचा झेप घेतानाचा फोटो आणि खाली 'जुन्नरची वाघीण'. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी कोंडाबाईंनी कुणाच्या तरी मोबाइलवरून तिला पाहिलं. आईनं फलकाचं कौतुक केलंच नाही.

"डोळं का गं असं बारीक केल्यात?"

"ऊन हाय आई इकडं."

"दिवस मावळलाय की."

"फोन ठेवते आई, सर बोलावत्यात," उज्ज्वला म्हणाली.

सरांनी बोलावलं नव्हतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी मुली तयार होत होत्या. उज्ज्वलानं पुन्हा मला डाव्या हातात घालायला घेतलं. या वेळी सर समोर उभे होते. त्यांनी पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बरं वाटतंय ना?"

"व्हय सर." शब्द जरा जड आला.

दारात इंद्रायणी उभी होती. ती राखीव गोलकीपर, आठवीतली. मोठ्या सामन्यात ती एकदाही उतरली नव्हती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उज्ज्वलाकडे. मग ते खाली वाकले, त्यांनी मला तिच्या डाव्या हातातून काढलं, उजव्या हातात घातलं आणि मनगटाचा पट्टा स्वतः घट्ट बांधला. एक वेदनाशामक गोळी दिली.

"साठ मिनिटं," ते म्हणाले. "फक्त साठ मिनिटं, बाळा."

मित्रांनो, आत हाताची बोटं कशी थरथरत होती ते मला कळत होतं. बाहेर काही दिसत नव्हतं.

मैदान भरलेलं होतं. पहिली तीस मिनिटं चांगली गेली. झारखंडच्या मुली लाटेसारख्या येत होत्या आणि रोहिणी शिट्ट्या घालून आमच्या मुलींना जागेवर ठेवत होती. उज्ज्वलानं तीन चेंडू अडवले. ते सवयीनं अडवले गेले. हात आपोआप जात होता, पण प्रत्येक वेळी पकड थोडी कमी. मध्यंतरात ती भिंतीला टेकून बसली. रोहिणीनं तिला पाणी दिलं. ते तिच्या उजव्या ओठातून ओघळलं. रोहिणी सरांकडे वळली. तोंड उघडलं. तेवढ्यात पंचांची शिट्टी झाली.

चाळिसाव्या मिनिटाला सलोमी एकटी चेंडू घेऊन आली. रोहिणी मागे पडली होती. सलोमीनं लांबूनच मारला. फार जोराचा नव्हता. सरळ येत होता, पेंढीसारखा. उज्ज्वलानं हात वर घ्यायला हवा होता. डावा वर गेला. मी तिच्या मांडीजवळ लटकत राहिलो. मी वाट पाहत होतो आणि हात आलाच नाही. चेंडू आमच्या शेजारून जाळीत गेला.

लोक ओरडले. कुणी हसलंही. "सो गयी क्या?" असं कुणीतरी म्हणालं. झारखंडच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. फक्त सलोमी थांबली होती. तिनं उज्ज्वलाकडे पाहिलं आणि ती धावत सुटली, आमच्याच दिशेनं. ती पोहोचण्याआधी उज्ज्वला गुडघ्यावर बसली आणि मग आडवी झाली. तिचं डोकं पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते सलोमीनं. "कोई डॉक्टर को बुलाओ!" ती रडत ओरडत होती. माझ्या आतली बोटं गार होती आणि त्यांना माझी काही खबर नव्हती.

सामना पुढे चालवला गेला. इंद्रायणी गोलपुढे उभी राहिली. तिनं एकही गोल होऊ दिला नाही. एक शून्यनं झारखंडनं चषक जिंकला. चषक घेताना सलोमीच्या पांढऱ्या शर्टावर उज्ज्वलाच्या ओकारीचे डाग होते.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात तीन दिवसांपासून रक्त साकळत होतं. डोकं उघडावं लागलं. "पहिल्या दिवशी आणली असती तर," एवढं बोलून ते थांबले. डावा मोजा तिथंच कुठंतरी काढून टाकला गेला. मला रोहिणीनं पिशवीत टाकून आणलं.

उज्ज्वला वाचली. दोन महिन्यांनी ती वाडीवर आली. तिचा उजवा हात कोपरापासून हलत नाही. शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं की ती घागरीकडे बोट दाखवते, डाव्या हाताचं. सोमाजी तिला रोज अंगणात चालवतात. खळ्यावर आता पेंढ्या खाली पडतात.

सुदर्शन सर एकदा आले होते. सोमाजींनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतः बैलांकडे निघून गेले. सर बराच वेळ ओट्यावर बसले. उज्ज्वलानं त्यांना ओळखलं आणि ती हसली. तेव्हा सर उठून गेले.

रोहिणी मात्र सुट्टीला दर वेळी यायची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती आली, तेव्हा कोंडाबाई भांडी घासत होत्या. रोहिणी त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, मला ठावं व्हतं. तिचं डोकं दुखतंय, ती ओकतीय, सगळं ठावं व्हतं. तिनं शप्पथ घातली म्हणून मी बोलले न्हाई."

कोंडाबाईंचा हात थांबला. मग पुन्हा राखेत गेला. त्यांनी तो टोप तीनदा घासला.

"मला पण दिसलं व्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तिचं डोळं दिसलं व्हतं. मी पण तिला फोन ठेवू दिला." मग म्हणाल्या, "आता मला सांगून काय उपेग? जा, शाळंत सांग. ज्या पोरी आता खेळाया चालल्यात त्यांना सांग."

खुंटीवरून मला काढून त्यांनीच रोहिणीच्या हातात दिलं, काम झालं की परत आणायला सांगून.

तालुक्याचे सामने सुरू होण्याआधी शाळेच्या प्रार्थनेला रोहिणी पुढे उभी राहिली. अडीचशे मुलं होती. तिनं मला हातात धरलं होतं. तिनं सगळं सांगितलं, खांबापासून शपथेपर्यंत. "मी कप्तान व्हते," ती म्हणाली. "सगळ्यांना शिट्टी मारून जागेवर ठेवत व्हते. आणि एवढं बोलायचं तेवढं बोलले न्हाई."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतून सुदर्शन सर चालत पुढे आले. ते मुलांकडे न बघता बोलले. "तिनं मला सांगितलं नव्हतं. पण मला दिसलं होतं. हा मोजा ती उलट्या हातात घालत होती. मीच तो सरळ करून दिला." त्या वर्षी त्यांनी संघ घेतला नाही. इंद्रायणी आणि दुसऱ्या मुली नव्या शिक्षकांबरोबर गेल्या. तालुक्याच्या दुसऱ्याच सामन्यात आमच्या एका मुलीच्या डोक्याला चेंडू लागला आणि ती "मी बरी आहे" म्हणत होती, तेव्हा इंद्रायणीनं गोल सोडून पंचांचा हात धरला. त्या मुलीला बाहेर काढलं. सामना आम्ही हरलो. ती मुलगी आज दहावीत आहे.

मित्रांनो, मला कुणी धुऊन-पुसून ठेवावं, माझी आठवण ठेवावी, असं मागायला मी आलो नाही. मोजे फाटतात, नवे येतात. पण मैदानावर तुमचा सोबती पडला, डोकं दुखतं म्हणाला, ओकला, वेड्यासारखा वागला, तर त्याची शपथ मोडा. त्याचा राग पत्करा. चषक जाऊ द्या. मोठी माणसं ऐकत नसतील तर आणखी मोठ्यानं सांगा. त्या तीन दिवसांत मला सगळं कळलं होतं, सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण मी हातमोजा. मला तोंड नाही.

तुम्हाला आहे.