देवाच्या मेंढीचा चारा

समाधानने आई-बापाला साक्रीहून सिल्वासाला आणलं, तेव्हा कळप विकून झाला होता. काजळी आणि तिचं कोकरू तेवढं विकता आलं नाही. काजळी खंडोबाच्या नावाने सोडलेली. अशा मेंढीला चरताना काठी लावायची नाही, तोंडातला पाला हिसकायचा नाही, असा त्यांच्या घराचा नेम. तिच्या पोरालाही तोच. समाधानची आई केसरबाई सकाळी दिवा लावी, काजळीच्या कपाळाला भंडारा लावी आणि मगच चहाचा घोट घेई.

ते राहत त्या खोल्यांमागच्या पडीक रानात काजळीचं चरणं बघण्यासारखं असे. सकाळी ती गवताला विचारायची नाही. नाकाने बाजूला सारून आतला रानमूग तेवढा ओठांनी वेचायची. उन्हं कलली की मग गवत. घाणेरीचं झुडूप आलं की फुरफुरून पुढे. कोकरू तिच्या तोंडाला तोंड लावून, ती खाईल तेच खाई.

“सूनबाईपेक्षा नखरे जास्त हिचे,” झिपरू म्हणे.

“बाबा, ऐकतेय मी!” सोनम आतून ओरडे.

शिमगा झाला आणि रानावर बुलडोझर फिरला. तिथे गोदाम व्हायचं होतं. सगळा मुरूम उघडा पडला. कडेला घाणेरी तेवढी हिरवीगार. समाधान ड्युटीवरून येताना कडबा आणी, पण काजळीला हिरव्याची ओढ. चार दिवस ती घाणेरी हुंगून माघारी फिरली. पाचव्या दिवशी तिने तोंड घातलं. कोकराने मान लांबवली.

केसरबाईचा हात काठीकडे गेला.

“अहो, घाणेरी खातेय ही!”

“खाऊ दे. देवाच्या तोंडाआड आपण कोण येणार?” झिपरू म्हणाला.

तिने हात मागे घेतला.

पुढे काजळी सावली सोडेना. कान जड होऊन लोंबू लागले. एका सकाळी भंडारा लावताना केसरबाईला तिच्या डोळ्यांत हळदीचा रंग दिसला. ती हरखली.

“अहो, या लवकर! भंडारा डोळ्यांत उतरला हो!”

झिपरूने टोपी काढून मेंढीपुढे डोकं टेकलं. केसरबाईने त्या दिवशी पाणीही घेतलं नाही. नारळ फोडला, तळी भरली.

सोनम कंपनीतून आली ती दारातच थबकली.

“आई, देव कसला? कावीळ आहे ही! माझ्या भावाचे डोळे असेच झाले होते.”

जनावरांचा डॉक्टर आला. त्याने काजळीची पापणी ओढून पाहिली, सुई टोचली आणि जाताना हळूच म्हणाला, “घाणेरीचं विष भिनलंय. उशीर झाला, मावशी. कोकराला तरी त्या झुडपापासून लांब ठेवा.”

पहाटे काजळी गेली.

कोकराला दावणीला बांधलं. ते ओरडून ओरडून घसा बसवून घेई, कडब्याला शिवेना. केसरबाईने तळहातावर कडब्याची मऊ पानं धरली, आर्जवं केली, “खा रे राजा, खंडोबाची आण तुला.” त्याने हुंगलं आणि मान फिरवली. तिसऱ्या दिवशी ते उभं राहीना, तेव्हा तिने दावं सोडलं. लडखडत ते थेट कडेला गेलं आणि आईने दाखवलेला पाला ओरबाडू लागलं.

केसरबाई मागे धावली. आयुष्यात पहिल्यांदा तिने देवाच्या जनावरावर काठी घातली. पुन्हा घातली. झिपरू लांबून बघत राहिला.

कोकरू झुडपाच्या पलीकडच्या अंगाला गेलं आणि तिकडून खाऊ लागलं.