जुनेराचे रोजे

म्हसळ्याच्या तैयबाला थोरल्या लेकीचा कोण अभिमान! रमजान केव्हाच सरला, तरी जुनेराचे सोमवार-गुरुवारचे नफिल, म्हणजे मर्जीचे, रोजे चालूच. पंधरावं लागलेली पोर, अंगानं सुक्या बोंबलासारखी, पण तोंडातून भुकेचा शब्द नाही. तैयबा शेजारणींना ऐटीत सांगायची.

धाकटी तस्नीम मात्र दहाची, गुबगुबीत, ताटावर हात मारणारी. आणि पाळी आली ती नेमकी तिला! आता घ्या! शेजारणी थोड्याच गप्प बसतायत? "थोरलीत काय खोट तर नाही ना गं?" एकीनं विचारलंच. मुलींचा बाप कतारला, तो फोनवरून काय करणार? तैयबानं बुरखा चढवला आणि जुनेराला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी वजन केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सकाळी काय खाल्लंस?"

"आज रोजा हाय तिचा," तैयबा कौतुकानं म्हणाली.

"आत्ता कसला रोजा? का गं?"

जुनेरा अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मग एकदम रडूच फुटलं तिला. "अम्मी, तूच म्हणतेस ना, रोजा सोडताना मागितलेली दुआ कबूल होते? मी पाळी मागते. तस्नीमला आली, मला का न्हाय? मी बाईच होणार न्हाय काय?"

इतके दिवस तैयबा ज्याची शेखी मिरवत होती, ते हे होतं!

बाई हळूच म्हणाल्या, "अगं वेडे, पाळी यायला अंगात थोडी चरबी साठलेली लागते. तस्नीमच्या अंगावर ती आहे, म्हणून तिला लवकर आली असेल. तू उपाशी राहून तुझी पाळी लांबवतेयस. रक्त तपासूच आपण, पण आधी पोटभर जेव."

बाहेर पडल्यावर तैयबानं कोपऱ्यावरच्या टपरीवर आमलेट-पाव मागवला आणि प्लेट लेकीपुढे सरकवली.

"अम्मी, रोजा!"

"नफिल हाय तो, सोडला तर गुन्हा न्हाय." तैयबानं तिचे डोळे ओढणीनं पुसले. "यापुढं रोजा मी धरीन, दुआही मीच मागीन. तू खा, बाय माझी."

जुनेरानं बिस्मिल्ला म्हणून पाव मोडला.

"अम्मी," ती तोंडातल्या घासासकट म्हणाली, "अजून एक आमलेट सांग ना."